घरच्या संगणकाचा मोकळा वेळ विज्ञानाला देणारे लोक का येतात आणि का जातात?

तारकापुंज (धागाकर्ती)

मार्च २०२० मध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या. परग्रहावरच्या जीवसृष्टीचे संकेत शोधणाऱ्या 'सेटी अ‍ॅट होम'ने महिनाअखेरीला नवं काम पाठवणं थांबवलं. वीस वर्षांहून जास्त चाललेला हा प्रकल्प निवांत झाला आणि त्याच महिन्यात 'फोल्डिंग अ‍ॅट होम'वर अशी झुंबड उडाली की सर्व्हरला काम पुरवणं जमेना. लोक आपला संगणक लावून बसले होते आणि समोर 'काम उपलब्ध नाही' असं दिसत होतं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एखादं अवाढव्य गणित बारीक तुकडे करून हजारो घरगुती संगणकांना वाटायचं, प्रत्येकाने आपला तुकडा सोडवून परत पाठवायचा. पैसे नाहीत, सक्ती नाही. जानेवारी १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मोठ्या मर्सेन मूळसंख्या (२ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या) शोधायला 'गिम्प्स' सुरू केलं. १७ मे १९९९ ला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून सेटी अ‍ॅट होम बाहेर पडलं आणि पुढच्या वर्षांत पन्नास लाखांहून जास्त लोक त्यात येऊन गेले. २००० मध्ये स्टॅनफर्डच्या विजय पांडे यांनी प्रथिनांच्या घड्या अभ्यासण्यासाठी फोल्डिंग काढलं. मग बॉइंक नावाचं सामायिक सॉफ्टवेअर आलं आणि त्यावर डझनांनी प्रकल्प उभे राहिले.

मी यात बरीच वर्षं आहे आणि या चढउताराबद्दल जे बोललं जातं ते मला अपुरं वाटतं. 'लोकांचा उत्साह संपला' म्हणून विषय मिटवतात. उत्साह संपला असता तर मार्च २०२० घडलंच नसतं.

माझं म्हणणं असं आहे: माणसं आणतं ते एखादं मोठं निमित्त. परग्रहावरचा संकेत, साथ, टीव्हीवरचा कार्यक्रम, काहीही. पण माणूस टिकतो तो प्रकल्प त्याला उत्तर देतो तोवर. वेळेवर काम येणं हे उत्तर. पाठवलेल्या निकालाचं पुढे काय झालं ते कळणं हेही उत्तर. हे थांबलं की लोक भांडत नाहीत, तक्रार करत नाहीत. पुढच्या वेळी विंडोज नव्याने टाकतात तेव्हा तो प्रोग्रॅम परत टाकत नाहीत, एवढंच.

सेटीचंच बघा. अरेसिबोच्या दुर्बिणीचा डेटा टेपवर भरून पोर्टो रिकोहून बर्कलीला टपालाने जायचा, कारण तिथलं इंटरनेट तेवढं मोठं नव्हतं. तिथे त्याचे तुकडे व्हायचे, प्रत्येकात आकाशाची १०७ सेकंदांची नोंद, साधारण साडेतीनशे केबी. अरेसिबोची थाळी जमिनीला खिळलेली, त्यामुळे पृथ्वी फिरताना एखादा तारा तिच्या नजरेतून साधारण १२ सेकंदांत सरकून जायचा. म्हणजे खरा संकेत असेल तर तो त्या १२ सेकंदांत हळूहळू चढून पुन्हा उतरला पाहिजे. आपल्या घरचा पेंटियम तो आकार शोधत बसायचा, पंधरा-वीस तास, जुना असेल तर आणखी जास्त. आणि हे सगळं स्क्रीनसेव्हरवर रंगीत आलेखाच्या रूपात समोर दिसायचं. आपला संगणक आत्ता काय करतो आहे हे बघता येत होतं. त्या पडद्याने जेवढी माणसं आणली तेवढी कुठल्या जाहिरातीने आणली नसतील.

पण वर्षानुवर्षं निकाल परत जात राहिले आणि त्यातून निघालं काय, हे सांगायला फार उशीर झाला. अंतिम विश्लेषणाचे शोधनिबंध आले ते प्रकल्प थांबल्यावर काही वर्षांनी. अब्जावधी नोंदी चाळून थोडे संकेत निवडले आणि ते चीनच्या फास्ट दुर्बिणीने पुन्हा तपासायला घेतले. हे काम कष्टाचं होतं, माणसं मूठभर होती, हे मला माहीत आहे. तरीही ज्यांनी २००४ साली वाट बघून सोडून दिलं त्यांना दोष देववत नाही.

तुम्ही यात होतात का? का सोडलंत, की अजून आहात?

---

कोल्हापूरकर

छान धागा. पण ताई, तुम्ही पैशाची बाजू अगदीच सोडलीत. मी सोडलं ते विजेच्या बिलामुळे, दुसरं काही कारण नाही.

हिशोब मांडतो. ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप पूर्ण ताकदीने चालला की २५० वॉट सहज ओढतो. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे १८० युनिट. आता महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: शंभर युनिटपर्यंत एक, मग तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. ज्याचं घर महिन्याला दीडशे युनिटवर चालतं त्याची ही भर त्याला थेट तीनशेच्या पलीकडे नेते. म्हणजे नुसती भर पडत नाही, दरही वरचा लागतो. घरात पाच माणसं असताना 'प्रथिनांसाठी' म्हणून हे बिल कोण समजावून सांगणार?

२००० साली हे जाणवत नव्हतं कारण संगणक तसाही चालूच असायचा.

---

बिटबाइट

कोल्हापूरकर, शेवटच्या ओळीत तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. मी हार्डवेअरवाला, म्हणून थोडं लांबण लावतो.

या सगळ्या कल्पनेचा पाया होता की प्रोसेसरचा रिकामा वेळ फुकट आहे. त्या काळी ते जवळपास खरंच होतं. विंडोज ९५ आणि ९८ प्रोसेसरला काम नसताना नीट झोपवत नसत, तो रिकामा असतानाही फिरत राहायचा. मशीन रिकामं असो की राबत असो, भिंतीतून ओढल्या जाणाऱ्या विजेत फरक थोडा. वर तो काचेच्या नळीचा मॉनिटर, तो एकटाच ऐंशी-नव्वद वॉट खायचा. (सेटीचा तो सुंदर आलेख दाखवण्यात प्रोसेसरचाही वेळ जायचा. म्हणून जाणकार पडदा काळा ठेवायचे किंवा आलेख नसलेली आवृत्ती वापरायचे, ती बरीच वेगात चालायची.)

नंतर प्रोसेसर शहाणे झाले. काम नसलं की घड्याळ मंद करायचं, व्होल्टेज उतरवायचं, अर्धे भाग बंद करायचे. आजचा लॅपटॉप नुसता उघडा असेल तर पाच-सात वॉटवर बसतो आणि बॉइंक लावलं की चाळीसवर जातो, पंखा ओरडायला लागतो. पूर्वी जे सांडत होतं ते लोक देत होते. आता द्यायचं तर मुद्दाम निर्माण करून द्यावं लागतं. देणाऱ्याचं मन तेच आहे, देण्याची किंमत बदलली.

दुसरा बदल म्हणजे घरातलं यंत्रच बदललं. डेस्कटॉप गेला, लॅपटॉप आला, मग बहुतेकांचा मुख्य संगणक म्हणजे फोन. २०१३ मध्ये बॉइंकची अँड्रॉइड आवृत्ती आली. फोन चार्जिंगला असताना आणि वायफायवर असतानाच चालेल अशी सोय होती. पण बॅटरी तापते हे लोकांना हाताला कळतं. आणि हाताला चटका लागला की ते लगेच काढून टाकतात.

---

राघव_स्टुटगार्ट

इकडचा अनुभव. जर्मनीत या छंदाला ऋतू आहे. ऑक्टोबर उजाडला की लोक मशीन लावतात, कारण खोली तापवायचीच आहे, मग ती उष्णता प्रोसेसरमधून का येऊ नये? मे-जून आला की बंद. आमच्या गटातले बरेच जण हे उघडपणे सांगतात. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर विजेचे दर चढले तेव्हा मात्र हिवाळ्यातही पुष्कळांनी बंद ठेवलं.

महाराष्ट्रात हे उलटं पडतं. तिकडे यंत्राची उष्णता बारा महिने नकोच असते. मेमध्ये जळगाव-नागपूरला खोलीत आणखी अडीचशे वॉटची शेगडी कोण लावेल? वर तिला थंड करायला एसी. म्हणजे एकाच गणिताची किंमत दोघांना वेगळी पडते.

आता चढाबद्दल. दर मे महिन्यात इकडे बॉइंक पेंटॅथलॉन होते. टीमा उतरतात, वेगवेगळ्या प्रकल्पांवर शर्यती लागतात. लोक आधीपासून कामं उतरवून ठेवतात, सोडवून ठेवतात आणि शर्यतीची घंटा वाजली की एकदम पाठवतात. आलेखात त्या दिवशी सरळ सुळका दिसतो. शर्यत संपली की आलेख धाडकन खाली. त्या उतरणीला 'लोक सोडून गेले' म्हणणं चूक आहे. ती माणसं दुसऱ्या प्रकल्पावर गेलेली असतात.

---

तारकापुंज

राघव, हे फार महत्त्वाचं आहे. आणि कोल्हापूरकर, बिटबाइट, पैशाचा मुद्दा मी मान्य करते, तो खराच आहे. फक्त तो एकटा पुरत नाही असं मला वाटतं. विजेचा दर फोल्डिंगसाठीही तोच होता ना? मग २०२० मध्ये लोकांनी बिल का सोसलं? साथीच्या आधी तीसेक हजार माणसं होती, काही आठवड्यांत लाखोंची भर पडली. २५ मार्चला प्रकल्पाने एक एक्साफ्लॉप (सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडी) ओलांडला. त्या वेळेपर्यंत जगातल्या कुठल्याही एका महासंगणकाला ते साधलं नव्हतं. एप्रिलच्या मध्यापर्यंत आकडा दोन एक्साफ्लॉपच्या वर गेला.

म्हणजे कारण पटलं की माणूस किंमत मोजतो.

आणि मग उतार. फोल्डिंग चालवणाऱ्या ग्रेग बोमन यांच्या गटाने खरंच काम केलं. विषाणूच्या काटेरी प्रथिनाचं तोंड कसं उघडतं त्याची सिम्युलेशन्स केली, निबंध प्रसिद्ध झाला, डेटा खुला केला. पण मार्चअखेरीला आलेल्या माणसाचा पहिला अनुभव काय होता? रिकामी रांग. सर्व्हर इतक्या लोकांसाठी बांधलेलेच नव्हते. मोठ्या कंपन्यांनी जागा आणि यंत्रं दिली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. जो माणूस आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी द्यायला दारात आला त्याला दोन दिवस ताटकळत ठेवलं तर तो परत येईलच असं नाही.

---

मूळसंख्या

मी गिम्प्सवाला. धागा वाचताना एक गोष्ट खटकते आहे. सगळे 'सहभाग' म्हणताहेत, पण दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळताहेत: किती माणसं आणि किती गणित. या दोन रेषा केव्हाच फाकल्या आहेत.

२१ ऑक्टोबर २०२४ ला नवी मर्सेन मूळसंख्या जाहीर झाली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांची. आधीची डिसेंबर २०१८ मधली होती, तिच्यात जवळपास अडीच कोटी अंक. मधे सहा वर्षं गेली. ही नवी कुणी शोधली? एनव्हिडियात पूर्वी काम केलेल्या एका माणसाने, १७ देशांतल्या डेटा सेंटरांमधले हजारो जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) भाड्याने घेऊन, पदरचे पैसे घालून. गिम्प्सच्या २८ वर्षांत सगळ्या मूळसंख्या साध्या पीसीवर सापडल्या होत्या, ती परंपरा तिथे तुटली.

मला त्या माणसाबद्दल आदरच आहे. पण माझ्यासारखा, जो घरच्या आय-फाइव्ह प्रोसेसरवर एक घातांक तपासत आठवडाभर घासतो, त्याला काय वाटतं? पूर्वी प्रत्येक घातांक हे लॉटरीचं तिकीट होतं आणि माझं तिकीट दुसऱ्याइतकंच खरं होतं. अजूनही गणिताच्या दृष्टीने तसंच आहे. पण एकट्याकडे हजारो तिकिटं आहेत हे कळल्यावर हात थोडा ढिला पडतो. हे मी आमच्या मंडळींत अनेकांकडून ऐकलं आहे.

म्हणजे गणिताचा आलेख चढतो आहे आणि माणसांचा उतरतो आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं प्रकल्प जोरात आहे.

---

बिटबाइट

+१. फोल्डिंगमध्ये केलेल्या कामाचे जे गुण मिळतात ते याच कारणाने माणसं घालवतात असं माझं जुनं मत आहे. तिथे काम लवकर परत दिलं तर बोनस असतो, आणि तो वेगाबरोबर फुगत जातो. शास्त्राच्या बाजूने ते बरोबर आहे, कारण एका तुकड्याचा निकाल आल्याशिवाय त्याच साखळीतला पुढचा तुकडा तयार होत नाही. उशिरा आलेलं उत्तर त्यांच्या फारसं कामाचं नसतं. पण परिणाम असा की महागडं कार्डवाला दिवसाला लाखांनी गुण कमावतो आणि जुन्या लॅपटॉपवाल्याच्या नावावर चणेफुटाणे. तो आठवडाभर बघतो आणि बंद करतो.

मधे क्रिप्टो-चलन 'खणणाऱ्यांनी' (संगणकावर गणितं करून ते कमावणाऱ्यांनी) वेगळंच केलं. २०१७ ला आणि पुन्हा २०२१ ला क्रिप्टोमुळे जीपीयू दुकानातून गायब झाले. ज्याच्याकडे कार्ड होतं त्याला प्रश्न पडला: विज्ञानाला द्यायचं की महिन्याला चार पैसे सुटतील ते करायचं? उत्तर सांगायला नको.

---

सुलभाताई

मी तांत्रिक नाही, निवृत्त शिक्षिका आहे. भाच्याने २०१६ मध्ये माझ्या संगणकावर 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड' घालून दिलं होतं. तेव्हा तिथे क्षयरोगावरचा एक प्रकल्प नुकताच सुरू झाला होता, म्हणून मी हो म्हटलं. आमच्या घरात क्षयाने माणूस गेलेलं आहे, त्यामुळे दुसरं काही समजावून सांगायची गरज नव्हती.

बिटबाइट गुणांबद्दल म्हणताहेत ते मला तिथे कधी जाणवलं नाही. तिथे बिल्ले मिळायचे ते वेळावर. चौदा दिवसांचा प्रोसेसर-वेळ झाला की कांस्य, पंचेचाळीस दिवसांचा झाला की रौप्य, नव्वदचा झाला की सुवर्ण, मग माणिक, पाचू असं चढत जायचं. माझा संगणक जुना आणि हळू, पण त्याचा तास हा तासच धरला जायचा. भाच्याच्या नव्या मशीनच्या तासाएवढाच. तो सुवर्ण बिल्ला दिसला त्या दिवशी मी शेजारी फोन करून सांगितलं होतं.

मग सगळं एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे गेलं म्हणे, आणि कितीतरी महिने संकेतस्थळच धड चालेना. काम येईना. मी वाट पाहिली. भाचा परदेशी गेला, कुणाला विचारणार? एके दिवशी संगणक बदलला आणि राहून गेलं. आता हा धागा वाचून परत सुरू करावंसं वाटतंय.

---

तारकापुंज

सुलभाताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. बिल्ल्यांचा हा फरक माझ्या लक्षात कधी आलाच नव्हता. वेळ मोजली की लहान माणूस लहान राहत नाही. आयबीएमने २००४ मध्ये ते ग्रिड सुरू केलं तेव्हा कुणी तरी माणसांचा विचार करून ठरवलेलं दिसतं.

आणि तुम्ही म्हणता ती बंद पडण्याची वेळ म्हणजे २०२२. आयबीएमने २०२१ मध्ये हे सगळं टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे सोपवलं. स्थलांतर लांबलं, महिनोन्महिने काम जवळपास ठप्प. तिथल्या लोकांनी तुटपुंज्या बळावर ते पुन्हा उभं केलं, त्याबद्दल मी त्यांना मानते. पण दशकभराचे निष्ठावान सदस्य त्या काळात गेले. त्यांच्याकडे वीज होती, यंत्र होतं, इच्छा होती. पलीकडून आवाज नव्हता.

याच्या उलट उदाहरण देते. 'क्लायमेटप्रेडिक्शन'ने फेब्रुवारी २००६ मध्ये बीबीसीबरोबर मोठा प्रयोग केला. १९२० ते २०८० पर्यंतचं हवामान प्रत्येकाच्या संगणकावर चालवायचं, दोन लाखांहून जास्त लोक आले. एक मॉडेल पुरं व्हायला महिने लागायचे. एप्रिलमध्ये लक्षात आलं की एका इनपुट फाइलमध्ये चूक आहे, हवेतल्या सूक्ष्म कणांचा परिणाम नीट धरलाच जात नव्हता. दोन महिन्यांचं काम! त्यांनी लपवलं नाही. चूक कोणती, तिचा परिणाम काय, हातात आलेल्या निकालांचा तरी कशासाठी उपयोग होईल, सगळं सांगितलं आणि नव्याने सुरुवात केली. प्रयोग पुरा झाला, आणि जानेवारी २००७ मध्ये त्याचे निकाल डेव्हिड अ‍ॅटनबरोंच्या कार्यक्रमात टीव्हीवर दाखवले. ज्याच्या माजघरातल्या संगणकाने ते गणित केलं त्याने ते घरच्यांबरोबर बसून पाहिलं असेल. उत्तर देणं म्हणजे हे.

---

कोल्हापूरकर

पटतंय ताई, पण एक शंका. टीव्हीवर दाखवलं तरी त्यानंतर ते दोन लाख राहिले का?

---

तारकापुंज

बहुतेक राहिले नसणार, आणि मी तशी अपेक्षाही ठेवत नाही. निमित्ताने आलेले बरेचसे निमित्ताबरोबर जातात. प्रश्न मागे उरणाऱ्या थोड्यांचा आहे, कारण वर्षानुवर्षं प्रकल्प तेच चालवतात.

'आइन्स्टाइन अ‍ॅट होम' बघा. २००५ पासून चालू आहे. पाया गुरुत्वीय लहरींचा (अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांचा), त्यातही फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांतून सतत येत राहणाऱ्या लहरींचा, ज्या आजवर कुणालाही सापडलेल्या नाहीत. तरी लोक आहेत. का? कारण त्याच प्रकल्पाचा दुसरा भाग पल्सार (ठरावीक लयीत स्पंद पाठवणारे फिरते न्यूट्रॉन तारे) शोधतो आणि ते सापडतात. ऑगस्ट २०१० मध्ये पहिला जाहीर झाला. अरेसिबोच्या नोंदींतून, आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्त्सच्या एका माणसाच्या संगणकांवर. 'सायन्स'मध्ये निबंध आला, त्यात त्यांची नावं. आजही तिथे पल्सार सापडला की ज्याच्या यंत्रावर सापडला त्याला कळवतात आणि फ्रेम केलेलं प्रमाणपत्र पाठवतात.

आपल्याशीही याचा धागा आहे बरं का. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी मंजूर केले. पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत या लहरींच्या डेटा-विश्लेषणावर दशकानुदशकं काम झालं आहे. अमेरिकेतल्या लायगोच्या नोंदी जर परभणी-नांदेडच्या मुलांच्या संगणकावर येऊ शकतात, तर औंढ्याच्या कामाबद्दल त्यांना वाटणारी जवळीक किती वाढेल! शाळा-कॉलेजांनी हे आत्तापासून हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

---

बिटबाइट

शाळा-कॉलेजांबद्दल सावध करतो. एका मोठ्या कार्यालयात मी यंत्रणा सांभाळायचो. तिथे एका हौशी सहकाऱ्याने रात्री रिकाम्या असणाऱ्या सगळ्या मशीनवर हे घातलं होतं, हेतू चांगला. तपासणीत सापडलं, विनापरवानगी सॉफ्टवेअर म्हणून समज मिळाली आणि एका सकाळीच सगळं काढलं गेलं. २००० च्या आसपास असे संगणक पुष्कळ होते, जगभर. संस्थांनी नियम कडक केले तेव्हा सहभागाचा एक अख्खा थर गेला, आणि त्याची कुठे नोंदही नाही. तेव्हा आधी लेखी परवानगी, वीज कुणाच्या खात्यावर पडणार ते स्पष्ट, मगच.

---

राघव_स्टुटगार्ट

बरोबर. आणखी एक गोष्ट कुणी बोललं नाही. काही प्रकल्पांचं काम दुसऱ्याच वाटेने सुटलं. 'रोझेटा अ‍ॅट होम'वर आम्ही वर्षानुवर्षं प्रथिनांचे आकार काढत होतो. २०२० च्या अखेरीला अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने प्रथिनांचे आकार ओळखण्याच्या स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकलं. रोझेटाचे डेव्हिड बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, अल्फाफोल्डच्या हसाबिस आणि जंपर यांच्याबरोबर. आमच्या टीममध्ये त्या दिवशी खूप आनंद झाला. पण काम कमी होत गेलं होतं हेही खरं. यात कुणाचा दोष नाही. साधन बदललं.

---

मूळसंख्या

आणि डेव्हिड अँडरसन, सेटी आणि बॉइंकमागचे, त्यांनी स्वतःच हे ओळखलं होतं. सामान्य माणसाला तीस प्रकल्पांतून निवड करायला सांगणं हाच अडथळा आहे असं त्यांचं निदान. म्हणून 'सायन्स युनायटेड' काढलं. तिथे प्रकल्प निवडायचा नाही, विषय निवडायचा: कर्करोग, खगोल, गणित, हवामान. बाकी जोडणी ते करतात. एक प्रकल्प आटला तर यंत्र आपोआप दुसऱ्याकडे वळतं. सुलभाताईंसारख्यांना हे उपयोगी पडेल, मधे काम थांबलं तरी बघत बसावं लागणार नाही.

---

रसिका_नाशिक

सगळा धागा वाचून काढला. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप पडून आहे, चार कोअरचा, आठ जीबी. बॉइंक टाकलं, आइन्स्टाइन जोडलं. दोन प्रश्न आहेत. पंखा फार जोरात फिरतोय, काय करू? आणि काल रात्री एक काम पूर्ण होऊन गेलं, पण खात्यावर गुण शून्य आणि समोर 'पेंडिंग' दिसतंय. माझं काही चुकलं का?

---

बिटबाइट

पंख्यासाठी: सेटिंगमध्ये प्रोसेसरचे किती टक्के कोअर वापरायचे ते असतं, तिथे ५० करा. म्हणजे चारपैकी दोनच चालतील. 'बॅटरीवर असताना थांबव' हे चालू आहे ना बघा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालून हवा हवी. रात्री आठ तास चालवलात आणि जादा ओढ समजा चाळीस वॉट धरली, तर महिन्याला दहा युनिटच्या आत बसतं. कोल्हापूरकरांचा १८० चा आकडा बघून घाबरू नका, तो मोठ्या कार्डाचा आहे.

---

तारकापुंज

रसिका, स्वागत! काहीही चुकलेलं नाही. तेच काम आणखी एका अनोळखी संगणकाकडेही गेलेलं असतं. या छंदातले लोक त्याला विंगमन म्हणतात. दोघांची उत्तरं जुळली की मगच निकाल खरा धरतात आणि दोघांनाही गुण मिळतात. आयोवा आणि माइन्त्स अशी दोन ठिकाणं त्या पल्सारच्या निबंधात आली ती यामुळेच. त्या कामाच्या क्रमांकावर टिचकी मारलीत तर दुसरं यंत्र कोणतं, ते किती हळू आहे, सगळं दिसेल. कधी तो माणूस मधेच सोडून गेलेला असतो, मग मुदत संपली की काम तिसऱ्याला जातं. अशा वेळी दोन-तीन आठवडेही लागतात, तोवर तुम्ही पुढची कामं घेत राहा.

सुलभाताई, तुमचं जुनं खातं बहुतेक शाबूत असेल. ईमेल आठवत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, रविवारी दुपारी फोनवर बसून आपण दोघी ते परत चालू करू.